भनपुरीचा दगड आणि आमचे जावई

मंडळी, ऑपरेटर लोक मशीनला लिंबू-मिरची बांधतात ना, त्यांना "त्यापेक्षा ग्रीस लावा" म्हणून चिडवणारा माणूस मी. भूत, करणी, बाहेरचं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. वडील रेल्वेत होते, वर्ध्याहून बदलीवर रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. वीसेक वर्षं मी साइट सुपरवायझर आहे. डोकं तापट आहे, हेही सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. रायपूरबाहेर भनपुरीच्या पुढे, गोदामांच्या मागे, ट्रक उभे करायला उताराची जमीन सपाट करायचं काम होतं. खोदलं की काळे दगड निघायचे. त्यातला एक तर बसलेल्या म्हशीएवढा.

जेसीबीवर विलासराव होते. माझ्या धाकट्या बहिणीचे, नंदाचे यजमान. गोंदियाचे. मीच त्यांना या कामावर आणलं होतं. माणूस इतका सावध की मजूर पाठीमागे त्यांना कासव म्हणायचे. मोठा दगड ते कधी उचलायला जात नसत, तेवढं वजन मशीनला झेपतही नाही. बकेट लावून जमिनीलगत लोळवत न्यायचा. मध्ये थांबायचं असेल तर आधी गुडघाभर खळगा खोदून त्यात बसवायचा, खालच्या अंगाला अडसर म्हणून दोन दगडांच्या उट्या लावायच्या, आणि माणसं कायम चढाच्या बाजूला ठेवायची. दगड सुटला तर उताराकडेच जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्या दिवशी तो म्हशीएवढा दगड असाच खळग्यात बसवला. उट्या मी स्वतः बुटाने ठोकून पाहिल्या. जेवणाची सुट्टी झाली आणि मी ताडपत्री आणायला शहरात पंडरीच्या बाजाराला निघालो.

"विलासराव, मी येईस्तोवर मशीन हलवू नका."

"हव दादा. चावी खिशातच हाय माह्या."

पाऊण तासाने परत आलो तर नुसता आरडाओरडा. चढावर एक कडुलिंब होता, मजूर जेवून तिथे सावलीत आडवे व्हायचे. तो दगड त्या झाडाखाली होता! आणि दगडाखाली बिसाहू, आमचा सगळ्यात जुना मजूर, मांड्यांपर्यंत दबलेला. तो जे ओरडत होता तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. समोर जेसीबी, इंजिन चालू, सीटवर विलासराव.

माझं डोकं फिरलं. बजावून गेलो तरी मशीन चालवली, एवढंच मला दिसलं. पायरीवर चढलो आणि त्यांच्या कानाखाली वाजवली. एक, दोन, तीन... चष्मा फुटून खाली पडला.

"काहून हलवली मशीन? सांगून गेलो होतो ना मी!"

त्यांनी तोंड वाचवायलासुद्धा हात वर केला नाही. हात लिव्हरवर, नजर दगडावर, नाकातून रक्त ओठांवर येत होतं.

"दादा, मारा मले... पण आधी त्याले निघू द्या."

तेव्हा कुठे मला नीट दिसलं. बकेटने त्यांनी दगड वीतभर कलता धरला होता आणि चौघेजण बिसाहूला बाहेर ओढत होते. तो निघाला. गुडघ्याखाली चिंधड्या झाल्या होत्या. विलासरावांनी दगड हळूच टेकवला, बकेट जमिनीला लावली, इंजिन बंद केलं, अगदी रोजच्यासारखं. मग माझ्याकडे वळले, काही बोलणार... तेवढ्यात लोकांनी त्यांना खाली खेचलं.

शेजारच्या पाऱ्यातले, म्हणजे वस्तीतले, लोक धावून आले होते. खुद्द सुपरवायझर मारतोय म्हटल्यावर गुन्हेगार कोण हे ठरलंच होतं. लाथा, फावड्याचे दांडे... एकाने हातात धोंडा घेऊन तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. "सोडा, मरन तो" म्हणून मी विलासरावांच्या अंगावर आडवा पडलो, माझीही बरगडी मोडली. पण सुरुवात मीच करून दिली होती, आता माझं कोण ऐकणार?

विलासरावांचा डावा डोळा गेला. जबडा दोन ठिकाणी तुटला. बिसाहूचा एक पाय कापावा लागला.

चौथ्या दिवशी बिसाहू बोलायला लागला. मी विचारलं, झालं काय?

"मसीन तो बंद रिहिस भैया. दमाद बाबू हमर संग भात खावत रिहिस. पथरा ह अपने अपन आइस."

मशीन बंद होती, जावई आमच्यासोबत जेवत होते, दगड आपला आपणच आला. बाकी मजुरांनी वेगवेगळं विचारल्यावरही हेच सांगितलं. किंकाळी ऐकून विलासराव हातातला घास टाकून मशीनकडे पळाले होते.

मी तसाच साइटवर गेलो. काम बंदच होतं. खळगा जसाच्या तसा, काठ कुठे ढासळलेला नाही. दोन्ही उट्या जागेवर. तिथून कडुलिंबापर्यंत बावीस पावलं चढ, सगळा भुसभुशीत मुरूम. तेवढा दगड लोळला किंवा ढकलला तर जमिनीत चर पडतो. तिथे एक ओरखडा नव्हता! जेसीबीच्या टायरच्या खुणा ती सुट्टीत उभी होती तिथून थेट झाडाकडे गेल्या होत्या, खळग्याच्या बाजूला वळल्याच नव्हत्या. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

पुढे कंपनीचा अपघाताचा फॉर्म आला. कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. नंदा म्हणाली, "दादा, खरं काय ते लिही."

"काय लिहू? दगड उठून चढ चढला म्हणून?"

विलासरावांचा जबडा तारांनी बांधलेला. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'माही चूक लिवा. माहं काम तं गेलंच. दोघंबी घरी बसलो तर खाऊ काय.'

मी तेच लिहिलं. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली माझी सही.

यंत्रं जाणणाऱ्या बऱ्याच जणांना विचारून झालं, कुणाला सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला दुसरं काही कारण सुचत असेल तर कळवा. ते घेऊन मी ऑफिसात जाईन आणि तो रकाना बदलून मागेन.