घर दाखवायचा रविवार

डार्लानं कपाटांवरच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या आणि आर्लीन बेन्के तिच्यामागून एकेका कपाटाशी फिरू लागली.

'कप', 'ताटल्या', 'संडास इकडे', आणि मागच्या दारावर मोठ्या अक्षरात 'लॉइड, बाहेर जाऊ नकोस, मी आलेच'. दोन वर्षांत आर्लीननं घरभर अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या. नवऱ्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली तशी ती दारावर, खणावर चिकटवत गेली. आता ही डार्ला, घरं विकणारी दलाल, नखांनी खरवडून एकेक चिठ्ठी काढत होती आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकत होती.

"राग मानू नका हं आर्लीन," ती म्हणाली, "पण इथं आजारी माणूस राहतो असा नुसता वास आला ना, तरी गिऱ्हाईक दारातूनच मागं फिरतं. त्याला वाटलं पाहिजे, ही जागा माझ्यासाठीच रिकामी ठेवलीय."

"मग आम्ही कुठं जायचं?"

"कुठं कशाला? घरातच राहा की! फक्त राहिल्यासारखं दिसू नका."

आता यावर काय बोलणार! अमेरिकेतल्या या आमच्या सरोवराकाठच्या शिबॉयगनात रीतच आहे ही. घर विकायचं म्हटलं की आधी त्यातली माणसं पुसून काढायची. मग रविवारी दुपारी दार सताड उघडं टाकायचं, अंगणात 'ओपन हाउस'ची पाटी रोवायची. कुणीही यावं, कपाटं उघडावीत, पलंगाखाली डोकवावं. घरच्यांनी मात्र तेवढा वेळ तोंड काळं करायचं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात निदान आईबापांना चहाला तरी बसू देतात. इथं तेवढीही माया नाही.

पण आर्लीनला घर विकणं भाग होतं, आणि तेही लवकर. मेपल कोर्ट म्हणून म्हाताऱ्यांची जागा आहे, तिथं नवराबायकोला एकत्र राहता येईल असा एकच गाळा मोकळा होता. महिनाअखेरपर्यंत तो यांच्यासाठी धरून ठेवला होता. घर विकलं तर दोघं तिथं जाणार. नाही विकलं, तर लॉइडला एकट्याला स्मृती गेलेल्यांच्या कुलूपबंद वॉर्डात ठेवायचं, असा मुलीचा, जोलीनचा हट्ट. ती फोनवरून रोज तेच दळण दळायची. "आई, तुझ्याच्यानं होत नाही आता." आर्लीन म्हणायची, "माझ्याच्यानं काय होतं नि काय नाही ते माझं मी बघीन," आणि फोन आपटायची. आपटून झाल्यावर रडायची, ते जोलीनला काय दिसणार?

लॉइडला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. जन्म गेला होता त्याचा या घरात. खुर्च्यांच्या कारखान्यातून दमून यायचा आणि पुन्हा हातोडा घेऊन इथं कुठंतरी ठोकत बसायचा. फळ्या त्याच्या, जिने त्याचे, सगळं त्याचं. त्याला सांगितलं असतं तर रोज नव्यानं सांगावं लागलं असतं, आणि रोज नव्यानं त्याचा जीव गेला असता.

डार्लानं आठवडाभरात घराचा पार नूर पालटला. जोलीनचे, नातवंडांचे फोटो खोक्यात गेले. लॉइडनं सरोवरात पकडलेला, पेंढा भरून भिंतीवर लावलेला मासा गॅरेजमध्ये गेला. लॉइडची बुडाशी खपाटीला गेलेली तपकिरी खुर्चीही गेली. तिच्या जागी पांढऱ्या उशा आल्या, इतक्या की बसायला जागा उरली नाही. ओट्यावर वाडगाभर लिंबं आली, सगळी प्लास्टिकची. न्हाणीघरात हात पुसायचे नाहीत असे टॉवेल आले. कोबी शिजवायचा नाही, सॉसेज परतायचं नाही, वास राहतो. आर्लीन आपल्याच स्वयंपाकघरात चोरासारखी उभ्यानं पाव खायची आणि तुकडे वेचून खिशात टाकायची.

जेवणाचं टेबल तर डार्लानं सहा जणांसाठी मांडून ठेवलं होतं, काचेचे पेले, घडीचे रुमाल, सगळं. लॉइडनं ते पाहिलं, जाऊन केस विंचरले आणि गळ्याशी रुमाल खोचून बसला.

"कोण येतंय गं?"

"कुणी नाही रे. ऊठ."

"कुणी नाही तर मांडलंय कशाला? अन्नाचा पत्ता नाही आणि ताटं सहा!"

खरंच तर बोलत होता. पण त्याला उठवून, त्याच्या खांद्याला धरून ती पुन्हा तो रुमाल डार्लासारखा घडी घालत बसली, आणि ती घडी काही जमेना.

चिठ्ठ्या गेल्यापासून लॉइड घरभर भिरभिरायचा. संडास म्हणून कोटांचं कपाट उघडायचा. खुर्ची शोधायचा. "माझी खुर्ची कुठाय? कुणी नेली?"

"दुरुस्तीला दिलीय," आर्लीननं थाप मारली.

"दुरुस्तीला? खुर्ची? माझ्या घरातली? का, मी मेलोय का?"

खुर्च्या बनवण्यात हयात गेलेल्या माणसाला असली थाप मारायची म्हणजे अकलेचं दिवाळंच. आर्लीन त्याच्यामागून फिरायची, तो ज्या दाराला हात लावील ते पुसून घ्यायची, आणि मनात म्हणायची, देवा, रविवार एकदाचा जाऊ दे.

रविवार आला. दोघं चर्चमधून परतेपर्यंत डार्लानं पाटीला फुगे बांधले होते आणि आर्लीनच्या ओव्हनमध्ये आपली बिस्किटं भाजायला ठेवली होती. खायला नव्हे, वासासाठी. म्हणजे माझा कोबी नको आणि हिची दालचिनी चालते, आर्लीनच्या मनात आलं. डार्लानं तिला दारातच गाठलं. "तीनपर्यंत फिरकू नका हं. मालक दिसला की गिऱ्हाईक बुजतं. माझी एवढी एकच अट."

मग गाडी घेऊन भटकणं आलं. आर्लीन सरोवराकाठी गेली, धक्क्यापाशी थांबली, लॉइड उतरेना. बाजारातून फिरली, दुकानं बंद. आणि दर वेळी गाडी आपोआप आपल्याच गल्लीत वळायची. घरासमोर गाड्या किती हे बघायला ती वेग कमी करायची. एक गाडी. पुढच्या फेरीला तीही नाही. पुन्हा सरोवर, पुन्हा गल्ली. दोन गाड्या, त्यातली एक शेजारच्या हेल्गाची, म्हणजे ती नुसती पडदे बघायला आलेली. कुणी घेतलंच नाही तर? तो कुलूपबंद दरवाजा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"थांब, थांब!" लॉइड एकदम ओरडला. "आर्लीन, ओपन हाउस!"

त्याचं बोट तिच्याच अंगणातल्या फुग्यांकडे होतं.

एके काळी त्यांचा हा रविवारचा खेळ होता. आमच्याकडं अर्ध्या गावाचा असतो. चर्च झालं की लोकांची विकायला काढलेली घरं बघत हिंडायचं. घ्यायचं कुणाला होतं? फुकटची कॉफी प्यायची, भिंतींवर टकटक करायची, नळ सोडून बघायचे आणि लोकांच्या सुतारकामाला नावं ठेवायची. लॉइडला त्यात काय आनंद! गेली दोन वर्षं ते बंदच पडलं होतं.

"आज नको रे."

"का नको? कॉफी असेल की!" आणि त्यानं चालत्या गाडीचं दार उघडायला हात घातला. आर्लीननं करकचून ब्रेक मारला.

डार्ला दारात उभी होती. दोघांना येताना पाहून तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लॉइडनं टोपी काढली.

"नमस्कार बाई. आम्ही नुसतं बघायला आलोय हं, घ्यायचंबियचं नाही. आधीच सांगितलेलं बरं."

डार्लानं आर्लीनकडं पाहिलं. आर्लीनच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण ती बया चटकन बाजूला झाली. "या ना, या. बघायला कुठं पैसे पडतात?" तिच्याबद्दल मी मघापासून बरंवाईट बोलतोय, पण हे तिनं चांगलं केलं.

आत एक तरुण जोडपं होतं. पोरगी पोटुशी, दिवस भरत आलेले. नवरा फीत लावून खिडक्या मोजत होता आणि प्रत्येक खिडकीनंतर मान हलवत होता. लॉइडनं त्यांना हात केला आणि कामाला लागला. भिंत वाजवली. नळ सोडला, बंद केला. तळघराच्या जिन्यापाशी पोचला, कठड्यावरून हात फिरवला आणि थबकला.

"हे कुठल्या गाढवानं बसवलंय?"

आर्लीनला हसू फुटलं. आवरेचना. किती तरी आठवड्यांत ती अशी हसली नव्हती. जोलीन चालायला लागली त्या हिवाळ्यात हा कठडा लॉइडनं स्वतः बसवला होता, आणि वाकडा म्हटलं म्हणून दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

"होता एक गाढव," डोळे पुसत ती म्हणाली. "पण माणूस चांगला."

"असेल चांगला. सुताराचा हात नव्हता." मग त्यानं सगळा भार टाकून कठडा हलवून पाहिला आणि त्या पोरीकडं वळला. "पण हलत नाही बरं का. वाकडा आहे, पण पक्का आहे. पोर कडेवर घेऊन उतरायला तुला उपयोगी पडेल." पोरीनं कठडा धरला आणि एकेक पायरी उतरून खाली गेली. खालून तिनं नवऱ्याला हाक मारली. "अरे, फीत ठेव ती आणि इकडं ये!"

लॉइड स्वयंपाकघरात गेला आणि सिंकपाशी उभा राहिला. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. तो बराच वेळ हलला नाही. आर्लीनला वाटलं, ओळखलं यानं. आता विचारणार, आर्लीन, आपल्या घरात ही माणसं काय करतायत? मी काय सांगू?

"सिंक फार खाली बसवलंय," तो म्हणाला. "घरची बाई बुटकी असणार."

तिला वाटलं, त्याचे खांदे धरून गदागदा हलवावं आणि ओरडावं, अरे, ती बुटकी मी! माझी कंबर दुखायची म्हणून तू ओटा उखडून खाली बसवलास! पण शेजारच्या खोलीत ते जोडपं बोलत होतं, आणि मेपल कोर्टचा गाळा महिनाअखेरपर्यंतच होता. तिनं त्याच्या कोपराला धरलं आणि म्हणाली, "चल, आइस्क्रीम खाऊ."

त्यानं डार्लाचे आभार मानले, एक बिस्कीट खिशात टाकलं आणि मागं वळूनसुद्धा न बघता गाडीत जाऊन बसला.

आइस्क्रीमच्या दुकानात लॉइड चमचा चाटत असताना डार्लाचा फोन आला. त्या जोडप्यानं घर मागितलं होतं, घासाघीस न करता. पोरगी तळघरातून वर आली ती ठरवूनच. "हो म्हणू ना आर्लीन?"

आर्लीननं लॉइडकडं पाहिलं. त्याच्या हनुवटीवर आइस्क्रीम ओघळलं होतं.

"म्हणा," ती म्हणाली.

"कोण होतं गं?"

"ती बाई. मघाशी आपण घर बघितलं ना, ते विकलं गेलं. त्या पोटुश्या पोरीनं घेतलं."

"बेस झालं! चांगल्या माणसांना मिळालं."

इतके दिवस ती एकाच गोष्टीला भ्याली होती, घर गेल्यावर लॉइडचं कसं होईल. आपलं स्वतःचं कसं होईल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ते आता आलं, आणि भरल्या दुकानात तिला हुंदका फुटला. लॉइड घाबरला. खिशातून बिस्कीट काढून त्यानं तिच्यापुढं धरलं, आणि दुसऱ्या हातानं तिची पाठ थोपटत राहिला.

"अगं वेडे, रडतेस काय? आपलं थोडंच होतं ते?"