जूनबगचं खरं नाव

मिसिसिपीकाठच्या आमच्या वस्तीत ओझेलाचं वेण्या घालायचं दुकान आहे. तिची बोटं जेवढी भरभर चालतात, तेवढीच जीभ. तिच्या भावाचा, ॲल्विनचा, उजवा हात एका पोलिसाने पिरगाळून मोडला. भरपाई शहराने दिली आणि तो पोलीस आमच्याच रस्त्यावर शीळ घालत हिंडत राहिला. त्या दिवसापासून ओझेलाने एकच धोशा लावला: प्रत्येक पोलिसाने स्वतःच्या नावाचा विमा उतरवलाच पाहिजे!

"माझ्या हातून कुणाचं टाळकं भाजलं तर माझा हप्ता वाढतो," ती गिऱ्हाइकाला सुनवायची. "त्याने हाड मोडलं तर पैसे भरणार कोण? तू नि मी! त्याचाही वाढू दे की हप्ता. मारतच सुटला तर त्याला कुणी विमा देणार नाही. आणि विमा नाही, तर बिल्ला नाही. कर सही!"

प्रश्न शहराच्या मतदानाला टाकायचा तर मतदारांच्या सह्या हव्या होत्या. आम्ही त्या ढिगाने जमवल्या आणि मुदतीच्या नेमक्या शेवटच्या दिवशी सकाळी निवडणूक कचेरीतून फोन आला, कितीतरी सह्या बाद! आमच्या शहाण्यांनी हाकेची नावं ठोकून दिली होती. मतदारयादीत 'पीचेस' कुठून सापडणार?

मग खऱ्या नावाने पुन्हा सह्या घ्यायला काय पळापळ! एकाला तळलेल्या माशांच्या गाडीवर धरलं, दुसरीला चर्चच्या पायरीवर गाठलं. जन्मभर ज्याला जूनबग म्हणत आलो, तो धटिंगण मान खाली घालून पुटपुटला, "पर्सिव्हल."

"काय? मोठ्याने बोल की रे!" ओझेला म्हणाली.

"पर्सिव्हल! झालं समाधान, बाई?"

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

कचेरीचं दार बंद होता होता आम्ही आत घुसलो, ॲल्विन आणि पर्सिव्हलसकट. मोजणी अगदी काठावर आली होती, एकही सही गळून चालणार नव्हतं. आणि कारकूनबाईंनी एक सही बाजूला काढली.

"ॲल्विन पेटवे. आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही."

ओझेला उसळली, पण ॲल्विनने तिला मागे सारलं. डाव्या हाताने पेन उचललं आणि बाईंसमोर तशीच वाकडीतिकडी सही केली.

"तुमच्याकडे आहे ती उजव्या हाताची," तो म्हणाला. "ती आता मलाही येत नाही, बाई."

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं आणि शिक्का मारला. प्रश्न मतदानाला जाणार होता! मी ओरडले, पर्सिव्हल ओरडला, आणि ओझेला भावाचा तो उजवा हात छातीशी धरून ढसाढसा रडली.