मधमाशा का गेल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा एवढं गाळून बाकीचं सगळं बोलते — देवाला काय, दिसत नसेल? तरी तोंडातून निघत नाही.

कडावच्या बाजूला एका गावात मी बालवाडी चालवते. वीसेक पोरं, तीन ते पाच वर्षांची. सहा वर्षांपूर्वी आमच्या खिडकीबाहेरच्या लिंबोणीवर फुलोरी मधमाशांनी पोळं धरलं, तळहाताएवढं. मी हरखूनच गेले. कागदाची फुलं केली, त्यात हळद घातली. पोरं बोट बुडवून या फुलावरून त्या फुलावर जायची आणि पिवळीधमक होऊन घरी परतायची. बशीत पाणी ठेवलं, पाण्यात खडे — माशांना टेकायला जागा हवी, बुडायला नकोत. खडे पोरांनीच वेचून आणले. पोळ्याजवळ एकमेकांच्या कानात बोलायचं, असा नियम केला. तो सगळे पाळायचे, एक तनू सोडून.

तनू चार वर्षांची. आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर सगळं शिवार वळून बघेल. माशी पाण्यावर टेकली की, "बाई, आली गं आली!" — वर स्वतःच टाळ्या. मला ती फार आवडायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं मी नावडत्या पोरीला केलेलं नाही.

मग पर्यवेक्षिकाबाई येणार असल्याचा निरोप आला. त्यांना हाच उपक्रम बघायचा होता. नेमकी त्याच दिवशी एखाद्या पोराला माशी चावली तर? या माशा गरीब, सहसा वाटेला जात नाहीत, ते मला ठाऊक होतं. पण भीती वाटली — पोरांसाठी नव्हे हो, माझ्या नावासाठी. रविवारी सकाळी एकटीच गेले, झुरळांच्या औषधाचा फवारा घेऊन. डबा संपेपर्यंत मारला. फांदी कापली. खाली पडलेल्या माशा सुपलीत भरल्या — काही अजून वळवळत होत्या — आणि लांब बांधापलीकडे टाकून आले. हात धुतले. दोनदा.

सोमवारी पोरं खिडकीशी गोळा झाली. बाई, माशा कुठं गेल्या?

"गेल्या उडून" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? साधं खोटं, पचून गेलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, पोरं विचारतच राहणार, घरी जाऊन सांगणार, कुणीतरी कापलेली फांदी दाखवणार. एकदाचं मिटावं म्हणून म्हणाले, "ओरडलं की त्या जातात. सांगितलं होतं ना?" आणि तनूकडे बघितलं. नाव घेतलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — नाव कुठं घेतलं? पण बघितलं. मग सगळ्या पोरांनी बघितलं. ती मान खाली घालून बसली.

माणसाच्या ओरडण्यानं पोळं उठत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तनू गप्प झाली. भेटीच्या दिवशी कागदाच्या फुलांवरच भागवलं; तनूला बघून पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, किती शहाणी मुलगी! तिची आई मात्र काळजीनं विचारायला आली, "ओ बाई, पोर घरी पण कानातच बोलतंय. कुनी दटावलं काय तिला?" मी म्हणाले, वळण लागतंय, बरंच आहे. पुढच्याच आठवड्यात तनू माझ्याजवळ आली, कानाला तोंड लावून म्हणाली, "बाई, मी आता ओरडत नाय. त्या येतील?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्या लेकरानं स्वतः येऊन विचारलं होतं — याहून सोपं काय असतं? मी म्हणाले, "बघू हं." वर्ष संपेपर्यंत ती रोज त्या बशीत पाणी घालत होती. रोज. आणि मी बघत होते.

आता ती चौथीत आहे. गेल्या महिन्यात घरी दाराच्या फटीत तिचं बोट चेंगरलं. ती ओरडली नाही. आईला कळलं ते फरशीवर रक्त दिसल्यावर. दार लागलेलं, बोट आत, आणि तोंड मिटलेलं — किती वेळ उभी असेल हो ती तशी?

मी बघायला गेले. नख गेलं होतं. आई कौतुकानं सांगत होती, "डोळ्यांतून पाणी, पण तोंडातून चकार शब्द नाय. बाई, वळण तुमीच लावलंत हां." तनू समोरच बसली होती, बांधलेला हात मांडीवर ठेवून. पोळं मी मारलं, हे तिला अजून माहीत नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्या आईला म्हणाले, पोर गुणाची आहे.