थोरल्या बाईंची फुगडी

आमच्या थोरल्या जाऊबाई फुगडीला उभ्या राहिल्या की आधी समोरचीचे हात दाबून बघायच्या. पकड ढिली वाटली तर तिथल्या तिथे नापास. "हात सोडनारीसंग मी फेर धरीत न्हाई," म्हणायच्या. साऱ्या कोल्हारात पास झाले ती मी एकटी.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच पंचमीला त्यांनी मला अंगणात ओढलं. मागे रेलायचं, पण खाली बघायचं नाही, समोरचीच्या कपाळावर नजर ठेवायची, हे त्यांनीच शिकवलं. पुढे घरात आमचं भांड्याला भांडं लागायचं, बोलणंही बंद व्हायचं. पण पंचमीला त्या दुसरीचा हात धरायच्या नाहीत. त्याचा मला भारी तोरा होता.

दोन वर्षांपूर्वी नगरला पुतण्याच्या कॉलेजात ब्राझीलचे नाचणारे आले. आम्ही दोघी एसटीने गेलो. नाच कॉलेजसमोरच्या रस्त्यावरच. माणसांनी रिंगण धरलेलं, मोठाले ढोल, आणि ती पोरंपोरी कानात वारं शिरलेल्या वासरांसारखी उधळलेली. "यांच्या कमरंला हाड हाय का न्हाई?" बाई म्हणाल्या. पाय मात्र त्यांचेही ठेका धरत होते.

तेवढ्यात कुरळ्या केसांची एक उंच पोरगी आमच्यासमोर आली आणि नाचात बोलवायला तिने दोन्ही हात पुढे केले. बाईंना त्याचा एकच अर्थ ठाऊक. चपला माझ्या हातात दिल्या, पदर खोचला, तिच्या हातांची अढी घातली अन् मागे रेलल्या. पोरगी क्षणभर गोंधळली, मग तीही रेलली. ढोलवाल्यांनी ठेका वाढवला. लोक शिट्ट्या मारत होते आणि मी चपला धरून जळत होते. तिचे हात बाईंनी दाबूनसुद्धा बघितले नव्हते.

परतताना एसटीत मला राहवेना. "माझ्यापरीस बरी व्हती का?"

"लई बरी," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तू फिरताना भितीस. ती भ्याली न्हाई."



पुढच्या पंचमीआधीच त्यांचे गुडघे गेले. ओट्यावर बसून मला म्हणायच्या, "जा की, धर कुनाचा तरी हात." मी गेले नाही.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. दहाव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, तुम्हा दोघींसारखी फुगडी आता बघायला मिळायची नाही. मला रडू फुटलं. रडले ते बाईंसाठीच. पण त्यांची शेवटची फुगडी त्या परक्या पोरीच्या वाट्याला गेली, त्याचाही राग त्या रडण्यात होता.