गुडघ्यावरचा हात

आमच्या सासऱ्यांना कंपवात झाला आणि गावाला बघायला फुकटची गंमत मिळाली. ओट्यावर बसले की उजवा हात गुडघ्यावर आपला थरथर, थरथर. येणारा-जाणारा आधी हात बघायचा, मग रामराम. त्यांचं खरं दुखणं पायांत होतं, ते कोणाला दिसतंय! उठले की पाय भुईला चिकटायचे. मला एकच विचारायचे, "पोरी, यंदा पाभरमांगे चालसू का मी?"

रनाळ्याला आमच्या घरात पेरणीची पहिली मूठ थोरल्याची. बैल पाभर ओढतात, आपण मागे चालत पाभरीवरच्या चाड्यात मुठीने बी सोडायचं. पाय अडले की मूठ गेली दुसऱ्याकडे.

आमच्या नणंदेचे यजमान धुळ्याला कारकून, पण ऐट मोठ्या डॉक्टरची. तिथून त्यांनी पांढऱ्या गोळ्या आणल्या. हात बराच गप झाला, खोटं कशाला बोलू? पण तोंड इतकं कोरडं की भाकर गिळवेना, आणि भरदुपारी अंगणात मागेच मेलेला बैल उभा दिसायला लागला. पाय तसेच. जावईबापू मात्र खूश, "देखा, हात कसा गप व्हई गया!" अहो, आणि त्या बैलाचं काय?

मग सासूबाईंनी खापर गावच्या बाजारातल्या वैद्याची पूड आणली, खाजकुइलीच्या बियांची, दुधातून घ्यायची. सुरुवातीला नुसत्या उलट्या. पोट निवळल्यावर पाय मोकळे झाले, तेही सकाळपुरते. हात होता तसाच. लगेच शेजारणींची नाकं वर, "हे कसलं औषध?" या शहाण्यांना औषध पारखायला गुडघ्यावरचा तो एक हातच सापडला होता!

सासऱ्यांनी गोळी सोडली, पूड ठेवली. पेरणीच्या सकाळी पाभरीमागे चालले. जरा वाकून, पण चालले. आणि हात? चाड्यावर गेला नि थांबला! रिकामा असला की थरथरायचा, कामाला लागला की शांत. ओट्यासमोर रोज पंचायत भरवणाऱ्यांपैकी एकाने तरी त्यांना दोरी वळताना बघितलं होतं का?

बांधावरून जावईबापू ओरडले, "मामा, मन्ही गोळी लागू पडनी!"

सासरे पेरणीची ओळ संपवून वळले. "जावईबापू, उरेल गोळ्या घरमा तशाच पडन्यात. त्या तुम्हीच खा. तोंड सुकी जाई, बोलनं तरी कमी व्हई."

आणि पुन्हा मूठ भरली.