पेण ते धाटाव, इटालियन माणसाला भेटायला

मला अक्षर येत नाय. मी सांगते, लेकीची मुलगी टाइप करते. चूक दिसली तर तिला बोला.

ही सहल एकोणीसशे नव्वदीतली. माझा मुलगा सदा बोटीवर नोकरीला होता. इटलीतल्या जेनोव्हा बंदरात उतरला तो परत बोटीवर चढलाच नाय. वर्ष गेलं. मग कळलं, रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत मशीन बसवायला जेनोव्हाचाच माणूस आलाय, लवकरच परत जाणार. देवीला कौल लावला. फूल उजवीकडून पडलं. सून नंदाला म्हटलं, "ऊठ गो."

तुम्हीही गेलात तर पेणहून रोह्याची पॅसेंजर पकडा, तिकीट चहा-वड्याच्या भावात. खाडीकडची खिडकी छान म्हणतात. मला त्या दिवशी काय दिसतंय! सदानं सुट्टीत आणलेल्या पुस्तकातून नंदा इटालियन शिकली होती. कासू स्टेशन येईपर्यंत माझ्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं: "पोत्रेब्बे चेर्कारे मिओ फील्यो?"

"म्हंजे?"

"माझ्या मुलाला शोधू शकाल का?"

"सरळ 'शोध' म्हण की!"

"परक्याला हुकूम नाय देत, आई. अजिजीनं विचारायचं."

"मग तूच विचार."

"तुम्ही त्यांची आई. तुम्हाला त्या माणसाच्यानं 'नाय' म्हणवणार नाय."

रोहा स्टेशनबाहेर मिसळ बरी मिळते. आम्ही खायला थांबलो नाय. तिथून रिक्षात कोंबून धाटाव. आधी वास येतो, मग गाव. शिफ्ट सुटली आणि उकडलेल्या कोळंबीसारखा लाल माणूस बाहेर आला. मी पेणचे पापड पुढे केले. बिचाऱ्यानं मान राखायला कच्चाच चावला. मी वाक्य म्हटलं, न अडखळता.

तो वाकून ऐकत होता. "पोत्रेई," म्हणाला, आणि पुढे बरंच काही. मी नंदाकडे वळले.

"काय म्हणाला गो?"

"शोधू शकलो असतो म्हणाला. पत्ता असता तर."

पत्ता असता तर मीच गेले असते मेल्या, पोहत! पण हे इटालियनमध्ये कसं म्हणायचं ते नंदानं शिकवलं नव्हतं. नंदानं दाखवलेला सदाचा फोटो त्यानं खिशात ठेवला. एकच चांगला फोटो होता, तोही गेला. पुढे त्याचा निरोप काही आला नाय.

देवीला परत कौल लावला नाय. वाक्य अजून पाठ हाय, विचारायला माणूस नाय. काही वर्षांनी नंदाला म्हटलं, "दुसरं घर बघ गो. मी उभी राहून लग्न लावते."

ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाय तिनं.

"केलं असतं, आई. ते नाहीत असं कुणी सांगितलं असतं तर."