साडूंनी काही लपवू दिलं नाही

रविवार, सकाळचे साडेअकरा. खर्च पोहे आणि पेढे मिळून सातशे चाळीस रुपये. हजर: बदलापूरच्या शिरगावहून आलेला मुलगा, त्याचे आईवडील, आम्ही तिघं आणि ज्यांच्यासमोर देवानेही जपून बोलावं असे आमचे साडू.

साडू विमा कंपनीच्या नोकरीतले वकील. नुकसानभरपाई मागणाऱ्याने काय लपवलं ते शोधायचं, हे त्यांचं काम; पण ते काम ऑफिसात ठेवून घरी येणं त्यांना जमलेलं नाही. वाढदिवसाच्या मेणबत्त्या पेटल्या की हे पडद्याचं अंतर बघतात. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर “आधीची कधी संपली? त्या वेळी घरात कोण होतं?” असं विचारतात. जिन्यात कोणी घसरलं की आधी चपला तपासतात, मग हात देतात. देतात मात्र नक्की.

आमच्या मुलीला, मेघनाला, हा मुलगा फोटोतच आवडला होता, त्यामुळे साडूंनी गप्प बसावं एवढीच माझी इच्छा होती. पण पहिला पोहा तोंडात जायच्या आत ते म्हणाले, “महत्त्वाची गोष्ट लपवून केलेला करार टिकत नाही. आमच्यापासून सुरुवात करतो. मुलीचं वरण रोज वेगळं लागतं. स्कूटर शिकताना तिने विठ्ठलवाडी डेपोसमोर उभ्या एसटीला धडक दिली. एसटीला काही झालं नाही.”

“ती एसटी तिथे उभी का होती, तेही सांगा की भाऊजी!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

मेघनाने मान खाली घातली. जुळत आलेलं मोडलं, असं मी मनाशी धरलं. तेवढ्यात मुलाचे वडील खाकरले. “वकीलसाहेब, आम्ही पण सांगून टाकतो. मुलगा पेटी वाजवतो असं कळवलंय ना, त्याला एकच गाणं येतं. तेही अर्धं.”

“आणि मांजराशी बोलतो,” आई म्हणाली.

“घरात मांजर आहे?” साडूंनी विचारलं.

“नाही ना! शेजाऱ्यांचं.”

मग मुलगा हळूच म्हणाला, “काका, त्या एसटीत मी होतो. खिडकीशी. धडकल्यावर यांनी ड्रायव्हरलाच झापलं होतं, ‘दिसत नाही का?’ आज दारात बघितलं आणि ओळखलं.”

“ओळखूनही आत आलात?” मेघनाने विचारलं.

“म्हणूनच आलो.”

सगळे हसले. साडू तेवढे गंभीर. “प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचीच हरकत नाही. माझ्याकडून विषय संपला.”

लग्न आमच्याकडे, अंबरनाथलाच झालं. पाठवणीच्या वेळी मेघना पाया पडली, तर साडूंचा चष्मा हातात आणि रुमाल डोळ्यांवर.

“काका, रडताय?”

“छे. डोळ्यांचा त्रास आहे, जुना. आजच्या प्रसंगाशी संबंध नाही.”

गाडी वळली तरी ते रस्त्यावर उभेच होते. मग बँडवाल्याला द्यायचे राहिलेले अडीच हजार त्यांनी मला न विचारता देऊन टाकले. पावती मागितली नाही.